मालदांडीचा उतारा आणि निवळ

सोलापूर जिल्ह्यात मैंदर्गी-दुधनीकडच्या घरात ज्वारीचे पीठ जुने होऊन त्याची विरी गेली, की गार पाण्यात मळून भागत नाही. थापताना भाकरी कडेने चिरते आणि तव्यावर टाकताना तिचे तुकडे होतात. मग परातीत पिठाचे आळे करायचे, मध्ये उकळते पाणी ओतायचे, उलथन्याने कालवून वाफ जरा जिरू द्यायची आणि मग मळायला घ्यायचे. भाकरी पुन्हा जमते. गव्हातले ग्लूटेन ज्वारीत नसते आणि उकळत्या पाण्यानेही ते येत नाही. घडते ते एवढेच, की ज्वारीतला थोडा स्टार्च त्या पाण्याने फुगतो, फुटतो आणि त्याची खळ होते. ती खळ उरलेल्या पिठाला धरून ठेवते. कोमट पाण्याने हे होत नाही, पाणी कढतच लागते. ज्वारीच्या माल्टपासून बिअर करू पाहणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचे उत्तर या परातीत आहे, पण तिथे ते फारसे कुणी शोधत नाही.

त्या अडचणी दोन. माल्टमधून साखर पुरेशी उतरत नाही, आणि उतरलेला रस गढूळ राहतो. सातूच्या, म्हणजे जवाच्या माल्टवर हात बसलेला माणूस पहिल्यांदा ज्वारी घेतो, नेहमीच्याच रीतीने सगळे करतो, दोन्ही तक्रारी एकदम पदरात पडतात आणि निष्कर्ष तयारच असतो: ज्वारीत दम नाही, हे धान्य भाकरीचेच. मला हा निष्कर्ष मान्य नाही. या दोन तक्रारी बहुतेक वेळा एकाच दुखण्याच्या असतात, आणि ते दुखणे धान्यापेक्षा पद्धतीत असते. सातूच्या अंगाने घडत गेलेली पद्धत ज्वारीवर जशीच्या तशी लादली, की उताराही जातो आणि निवळही.

आधी कायद्याचे बोलून घेऊ. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. मग ती बिअर असो, घरच्यापुरती असो, की एक बाटलीभर असो. परवाना घेऊन बिअर करणाऱ्या मायक्रोब्रुअरी मात्र चालतात. पुण्यात ‘डूलाली’ २००९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ही कल्पना मराठी शहरांत रुळली. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटरपर्यंत मुभा मिळाली. तेव्हा न्यू जर्सीतल्या मराठी घराला जे करता येते ते मैंदर्गीतल्या घराला येत नाही. पण या लेखाचा विषय यीस्ट पडण्याआधीच संपतो. माल्ट गरम पाण्यात भिजवून काढलेल्या गोड रसाला बिअरवाले ‘वर्ट’ म्हणतात, आणि त्यात अल्कोहोल नसते. तो उकळून ताजाच प्यायला किंवा आटवून काकवीसारखा पाक केला, तर त्याची दारू होत नाही. उघडा ठेवला, तर मात्र आपल्याकडच्या हवेत तो दोन दिवसांत आपणहून फसफसू लागेल, हे विसरू नये.

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत, की ‘उतारा’ आणि ‘ब्रिक्स’ हे शब्द इथे समजावून सांगावे लागत नाहीत. ऊस सारखाच असला तरी एका कारखान्याचा उतारा जास्त आणि दुसऱ्याचा कमी का, यावर पारावर बसून वाद घालणारे शेतकरी इथे आहेत. माल्टचे गणितही तेच. समजा, सातूचे ५ किलो माल्ट घेतले. प्रयोगशाळेत बारीक दळून, सगळे काटेकोर केले तर त्यातून वजनाच्या साधारण ७८ टक्के, म्हणजे ३.९ किलो विद्राव्य पदार्थ निघू शकतो. घरी २० लिटर रस मिळाला आणि त्याचा ब्रिक्स १३.३ भरला. असा रस लिटरला सुमारे १.०५४ किलो भरतो, म्हणजे एकूण २१.१ किलो, त्याचे १३.३ टक्के म्हणजे २.८ किलो. ३.९ पैकी २.८ मिळाले, उतारा ७२ टक्के. घरगुती भांड्यांत ७० ते ७५ हा नेहमीचा आकडा. मोठे कारखाने नव्वदीच्या पुढे जातात. आता खरा प्रश्न असा की उरलेला १.१ किलो गेला कुठे? तीनच जागा संभवतात. काही स्टार्च उघडलाच नाही, तो चोथ्यात राहिला. काही उघडला, पण तुटून साखर झाला नाही. काहीची साखर झाली, पण ओल्या चोथ्याने ती धरून ठेवली. यातली तिसरी गळती नुसत्या धुण्याने भरून निघते, तिचा गढूळपणाशी संबंध नाही. पहिल्या दोन गळत्यांचा मात्र थेट आहे: न उघडलेले बारीक कण आणि अर्धवट तुटलेला स्टार्च चोथ्यातून निसटून रसात येतात आणि तिथे तरंगत राहतात. उतारा ज्याने खाल्ला त्यानेच रस गढूळ केला.

सातूच्या बाबतीत हे सहसा घडत नाही, कारण सातूला एक योगायोग लाभला आहे. स्टार्च तोडणारी मुख्य एन्झाइमे दोन. बीटा-अमायलेज साखळीच्या टोकाकडून माल्टोज साखरेचे तुकडे पाडते; ते ६० ते ६५ अंश सेल्सिअसला जोमात असते आणि ७० च्या आसपास लवकर मरते. अल्फा-अमायलेज साखळी मधूनच कुठेही तोडते; ते ७० च्या वरही तग धरते, ८० च्या आसपास संपते. आणि सातूचा बराचसा स्टार्च फुगून उघडतो तो ६० ते ६५ अंशांना. म्हणजे ज्या तापमानाला कुलूप उघडते, त्याच तापमानाला कामगार हजर असतात. म्हणून भरडलेले माल्ट ६५ अंशांच्या पाण्यात तासभर झाकून ठेवण्याची साधी युक्ती, जिला मॅशिंग म्हणतात, पुरेशी पडते. वर सातूला तूस असते. मळणीनंतरही ते दाण्याला चिकटून राहते आणि भांड्याच्या तळाशी त्याचा आपोआप गाळणीसारखा थर बसतो. युरोपातल्या बिअरवाल्यांनी शतकानुशतके या दोन देणग्यांवर आपली पद्धत उभी केली. त्यांना त्या देणग्या वाटल्याही नसतील, इतक्या त्या हाताशी होत्या.

ज्वारीला यातले काहीच नाही. तिचा स्टार्च उघडतो ६७ ते ७८ अंशांच्या दरम्यान, वाणावाणांत थोडा फरक. त्या तापमानाला बीटा-अमायलेज टिकत नाही. शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये ते सातूच्या मानाने मुळातच फार कमी असते, मुख्य भार अल्फा-अमायलेजवर. ६५ अंशांवर मॅश केली, तर कामगार जिवंत पण कुलूप बंद. ७८ वर केली, तर कुलूप उघडे पण कामगार मेलेले. मधला कुठलाही आकडा निवडला, तरी तडजोडच. परातीतले कढत पाणी हेच सांगत होते: ज्वारीचा स्टार्च सातूइतक्या सहजासहजी उघडत नाही. ज्याने ६५ अंशांवर ज्वारी भिजवून उताऱ्याची वाट पाहिली, त्याने एका अर्थाने कोमट पाण्याने विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापली.

यावरचा उपाय तापमानाचा नवा आकडा शोधण्यात नाही, क्रम बदलण्यात आहे. स्कॉटलंडमधल्या हेरिअट-वॉट विद्यापीठात जमैकात जन्मलेले जेफ पामर यांनी धान्यांच्या माल्टवर आयुष्यभर काम केले, त्यात ज्वारीवरही. ज्वारीसाठी सुचवली गेलेली रीत अशी, की एन्झाइमे आधी बाजूला काढायची, मग उरलेले शिजवायचे आणि निवल्यावर दोन्ही एकत्र करायची. एन्झाइमे ही पाण्यात विरघळणारी प्रथिने आहेत; कच्चा स्टार्च पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो. ज्या घरात कुरडया होतात, तिथे ही क्रिया नवी नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, रात्रभर ठेवायचे आणि सकाळी वरची निवळ ओतून तळचा चीक शिजवायला घ्यायचा. फरक एवढाच, की कुरडयांत निवळ फेकतात आणि इथे जपायची.

ही रीत जवळून पाहण्यासारखी आहे. एक किलो रवाळ दळलेले ज्वारीचे माल्ट साडेतीन-चार लिटर पाण्यात ४५ ते ५० अंशांवर कालवून अर्धा-पाऊण तास अधूनमधून ढवळत ठेवायचे. मग ढवळणे थांबवायचे. दहा-पंधरा मिनिटांत भांड्यात सीमारेषा दिसू लागते: खाली दाट पांढरट गाळ, वर ताकाच्या पाण्यासारखी पिवळसर निवळ. ती वाटीने हलकेच काढून झाकून ठेवायची, तापवायची नाही. तळचा गाळ मंद आचेवर चढवायचा. बराच वेळ काही घडत नाही, दूधपाण्यासारखेच दिसते. सत्तरीच्या आसपास पळीला एकदम जडपणा लागतो आणि पाहता पाहता सगळ्याची आंबील होते. इथे हात थांबला, तर तळाला लागते. उकळी आली, की पंधरा-वीस मिनिटे रटरटू द्यायचे, फार घट्ट झाले तर कढत पाणी घालायचे, मग उतरवून निववायचे. पेज ७० अंशांच्या आसपास आली, की निवळ तिच्यात ओतायची. एकत्र झाल्यावर तापमान साठीच्या पुढे, ६५ च्या आत राहील असे पाहायचे. उकळत्या दुधात विरजण घातले तर दही लागत नाही, तोच नियम इथे. पेज फार गरम असताना घाई केली, तर जपलेली सगळी एन्झाइमे एका क्षणात वाया जातात. वेळ साधली, तर घट्ट आंबील दहा-पंधरा मिनिटांत पातळ होते आणि पळीवरून पाण्यासारखी उतरते. तास-दीड तासाने वरच्या निवळ रसाचा एक थेंब पांढऱ्या बशीत गार करून त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा-काळा पडला, तर स्टार्च अजून शिल्लक आहे. आयोडीनचा तांबूस-पिवळा रंग तसाच राहिला, तर काम झाले. थेंबात कोंड्याचा कण येऊ देऊ नये; तो काळा पडणारच आणि उगाच घाबरवणार. तो थेंब भांड्यात परत टाकायचा नाही, हे वेगळे सांगायला नको.

यासाठी लागणारे माल्ट मात्र नीट झालेले हवे, आणि इथे सोलापूरची हवा बाजूने आहे. सातूला मोड येताना १५ ते १८ अंशांचा गारवा लागतो. आपल्याकडे तो यंत्राने आणावा लागेल. ज्वारी २५ ते ३० अंशांवर खुशीत मोडते. दाणा धुऊन, मध्ये दोन-तीनदा पाणी बदलत दिवसभर भिजवून, ओल्या गोणपाटाखाली चार-पाच दिवस ठेवला आणि बुरशी येऊ न देता ५० अंशांच्या आसपास वाळवला, की माल्ट तयार. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण अजूनही या पट्ट्यातल्या रब्बीचा कणा आहे, आणि त्याच्या पांढऱ्या, मोत्यासारख्या दाण्यात टॅनिन नसल्यात जमा. आफ्रिकेत पाखरांपासून वाचवायला लावतात त्या लाल-तपकिरी ज्वारीतले टॅनिन एन्झाइमांनाच जखडून टाकते. ते आवरायला दक्षिण आफ्रिकेतल्या माल्टवाल्यांना दाणे फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यात भिजवावे लागत. ती कटकट मालदांडीला नाही. एक धोका मात्र ज्वारीच्या सगळ्या वाणांना आहे. पावसाने ओढ दिलेल्या शेतातले कोवळे पोंगे खाऊन जनावराला किराळ लागते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असते. पोंग्यातल्या धुरिन नावाच्या द्रव्यापासून सायनाइड सुटते, आणि ते द्रव्य मोडाच्या कोंबांत आणि मुळांतही असते. कोरड्या दाण्यात ते जवळजवळ नसते. म्हणून ज्वारीचे माल्ट वाळल्यावर खरखरीत कापडात चोळून कोंब आणि मुळ्या पूर्ण झाडून पाखडायच्या. हरभऱ्या-मटकीसारखे मोडासकट वापरायचे नाही. उताऱ्यापेक्षा ही गोष्ट आधीची.

आता गाळण्याकडे. इथे ज्वारीची दुसरी उणीव आडवी येते: तूस नाही. सातू भरडताना सगळी कसरत दाणा फोडून तूस अखंड ठेवण्याची असते. म्हणून दोन रुळांची, साधारण एक मिलिमीटर फटीची चक्की वापरतात. पिठाच्या गिरणीच्या दगडांतून सातू काढला, तर तुसाचा भुगा होतो आणि गाळणीचा चिखल. भरडण्याआधी माल्टवर वजनाच्या एक-दोन टक्के पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटे ठेवले, की तूस चामड्यासारखे लवचीक होते आणि दाणा फुटला तरी ते तुटत नाही. हुग्गीसाठी खपली गहू सडण्याआधी ओलवतात, त्यातही मर्म हेच: ओलसर साल सबंध सुटते, कोरडी साल चुरा होऊन दाण्यात मिसळते. ज्वारीत वाचवायला तूसच नसल्याने तिला बारीक दळायला हरकत नाही, उलट बारीक दळल्याने उतारा वाढतो. पण मग गाळणीचा थर बाहेरून आणावा लागतो. भाताचे तूस धुऊन, धान्याच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के मिसळले, की काम भागते. ते चव देत नाही, साखर देत नाही, फक्त वाट मोकळी ठेवते. फिनलंडमध्ये ‘साहती’ ही गावठी बिअर गाळायला लाकडी कोरीव डोणीत ज्युनिपरच्या फांद्या अंथरतात. हेतू तोच.

थर बसला, तरी घाई केली तर सगळे वाया जाते. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या नळपाण्याचे काम पाहणारे अभियंता हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते याचा नियम मांडला: दाब वाढला की वेग वाढतो, थर जाड झाला की घटतो. द्रव दाट असेल, तर वेग आणखी घटतो हे त्यात पुढे मिळवले गेले. पण वाळू दाबली जात नाही, चोथा जातो. तोटी पूर्ण उघडली की वरचा भार चोथ्याला खाली ओढतो, मोकळ्या वाटा मिटतात आणि धार बारीक होत थांबते. मग माणूस वैतागून सगळे ढवळतो आणि थर मोडला की पुन्हा गढूळ. तोटी कमी उघडी ठेवणे हा वेळ घालवणारा उपाय वाटतो, पण वेळ त्यानेच वाचतो. सुरुवातीचा रस गढूळच येणार. तो चोथ्यावर उलट्या बशीवरून हलक्या हाताने परत ओतायचा, तीन-चार वेळा, धारेतून बोट दिसेपर्यंत. त्यानंतर जो रस येतो, तो चोथ्यानेच गाळलेला असतो; कापडाने गाळलेला कधी इतका नितळ निघत नाही. गाळण्याआधी मॅश ७६ अंशांपर्यंत तापवली, तर रस पातळ होऊन अधिक सुटा वाहतो. गरम काकवी आणि गार काकवी यांच्या धारेतला फरक आठवावा.

चोथ्यात अडकलेली साखर काढायला वरून गरम पाणी सोडतात. साखर कारखान्यात शेवटच्या मिलमध्ये जाण्याआधी चिपाडावर पाणी मारतात आणि त्याला इंबिबिशन म्हणतात. हे त्याचे धाकटे भावंड. मोह होतो तो शेवटचा थेंब काढण्याचा. धुवणाचा ब्रिक्स दोनच्या खाली गेला की थांबावे. त्यापुढे साखर नगण्य उतरते आणि सामू चढू लागतो, म्हणजे रसाची आम्लता घटते. अशा पाण्यात कोंड्यातले टॅनिन आणि इतर कडवट द्रव्ये सुटतात, ती पुढे प्रथिनांना धरून ढगाळपणा आणतात. उतारा आणि निवळ यांच्यात खरे भांडण असलेच, तर ते या एका टोकाला आहे; त्याच्या अलीकडे दोघांचे एकच हित आहे.

सामूचा विषय निघालाच, तर आपल्या पाण्याचे सांगायला हवे. काळ्या कातळातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. चहाच्या पातेल्यात आणि गिझरमध्ये बसणारा पांढरा थर त्याचाच. मॅशला सामू ५.२ ते ५.६ हवा असतो, आणि हे पाणी तो वर खेचते. एन्झाइमे मंदावतात, प्रथिने नीट गोठत नाहीत. पाणी आधी उकळून, निववून, तळचा पांढरा गाळ टाकून वरचे घेतले, तर निम्मे काम होते. उरलेले थोड्या लॅक्टिक आम्लाने. सामू ही मोजपट्टीच मुळी बिअरच्या दारातून आली. डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ती १९०९ मध्ये मांडली. आज माती परीक्षणाच्या अहवालात तो आकडा वाचणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी सांगत नाही.

उकळणे हा निवळीचा शेवटचा टप्पा, आणि गुऱ्हाळ पाहिलेल्याला तो शिकवावा लागत नाही. काहिलीत उसाचा रस तापू लागला, की भेंडीच्या रोपाचा चिकट रस घालतात आणि वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहतात. वर्टमध्येही उकळी फुटताना तपकिरी फेस चढतो, मग अंडे फुटल्यासारख्या गुठळ्या होऊन रस त्यांच्यामध्ये एकदम स्वच्छ दिसू लागतो. प्रथिने गोठली, एवढाच त्याचा अर्थ. तासभर खळखळून उकळावे, मंद आचेवर नुसते ठेवून ही गाठ बसत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत युरोप-अमेरिकेत समुद्रशेवाळाची चिमूट घालतात. त्यातल्या कॅरागिननवर ऋण विद्युतभार असतो, प्रथिनांवर धन, दोन्ही एकमेकांना ओढतात आणि जड होऊन खाली बसतात. आपल्याकडे गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घालत, शेवग्याचे बीही चालते. शेवग्याच्या बियांत भार धन बाजूचा आणि मातीच्या कणांवर ऋण. म्हणून शेवग्याची पूड घालून वर्ट निवळेल, असे समजणे चूक. पाण्यातला गढूळपणा आणि रसातला गढूळपणा विद्युतभाराने उलटे आहेत. ज्याने हा फरक न पाहता घरगुती उपाय उचलला, त्याला दोष उपायात दिसतो.

आच बंद केली, की पळीने रस एकाच दिशेने गरगर फिरवायचा, पळी काढायची आणि झाकून ठेवायचे. वीस मिनिटांत सगळा गाळ तळाशी मधोमध ढिगाने जमतो. कडेच्या तोटीने वरचा स्वच्छ रस काढता येतो. फिरणारा गाळ कडेला फेकला जाण्याऐवजी मध्ये का येतो? चहाच्या पेल्यातली पत्तीही अशीच मध्ये जमते, आणि त्याचा उलगडा आइनस्टाइन यांनी १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांवर लिहिताना केला. तळाशी घर्षणाने पाण्याचा वेग घटतो, तिथला बाहेर फेकणारा जोर कमी पडतो आणि तळाचा प्रवाह आत वळतो. वळणावर नदी एक काठ खाते आणि दुसऱ्यावर वाळू टाकते, तेही याच आतल्या प्रवाहाने. पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळून चंद्रभागा झालेली भीमा आणि पातेल्याच्या तळाचा ढीग यांना एकच नियम लागू आहे.

आता आक्षेप. पहिला असा, की निवळ हा नुसता दिखावा. दक्षिण आफ्रिकेतली उम्कोंबोथी दाटसर, गढूळ असते, बव्हेरियातली गव्हाची बिअर ढगाळ असते, ती लोक आनंदाने पितात. खरे आहे. पण गढूळपणाच्या जाती वेगळ्या. बव्हेरियातला ढग यीस्टचा आणि प्रथिनांचा, पिंप भरताना हवा म्हणून ठेवलेला. उम्कोंबोथी ही आंबिलीची बहीण. आंबट, पोटभरीची, दोन-तीन दिवसांत संपवायची, तिच्यात स्टार्च हे अन्नच आहे. टिकवायच्या रसात शिल्लक राहिलेला स्टार्च मात्र यीस्टला खाता येत नाही, खाली बसत नाही आणि नको त्या जंतूंना चरायला कुरण देतो. आणखी एक भर: रस आरशासारखा करण्याचा हट्टही बरा नाही. थोड्या गाळातली स्निग्ध द्रव्ये आणि जस्त यीस्टला लागतात. रसात ढग दिसला, की आधी आयोडीनचा थेंब टाकावा. तो निळा पडला नाही, तर त्या ढगाशी भांडण नाही.

दुसरा आक्षेप हिशोबी: उतारा कमी आला, तर अर्धा किलो माल्ट जास्त घाला, कारखाना थोडाच चालवायचा आहे! पैशांपुरते बोलायचे, तर यात वावगे नाही. पण कमी उतारा एकटा येत नाही. स्टार्च उघडला नाही म्हणून तो कमी आला असेल, तर जास्तीच्या अर्ध्या किलोबरोबर जास्तीचा न उघडलेला स्टार्चही येतो. आणि आज ५५, उद्या ७० असा उतारा हलत राहिला, तर कुठलीच कृती दुसऱ्यांदा तशीच जमत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. नायजेरियाने १९८८ मध्ये सातूच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांना देशी ज्वारी-मक्याकडे वळावे लागले, आणि अनेकांनी माल्ट करण्याचा खटाटोप न करता कच्च्या ज्वारीवर बाटलीतली एन्झाइमे ओतून काम चालवले. मग निवळ जपण्याची ही कसरत कशाला? एन्झाइम विकत मिळत असेल, तर ते वापरण्यात कमीपणा नाही. उष्णता सोसणारे अल्फा-अमायलेज उकळत्या पेजेतही काम करते आणि कुलूप-कामगारांचा तिढाच सोडवते. पण त्याने तूस येत नाही. गाळण्याचा प्रश्न तसाच राहतो, आणि नायजेरियातल्या कारखान्यांनाही तो पिळून गाळणाऱ्या मॅश फिल्टर यंत्रांनी सोडवावा लागला. शिवाय मोडताना दाण्यात जी चव येते आणि यीस्टला लागणारे जे नत्र सुटते, ते कच्च्या ज्वारीत फार कमी. कच्ची ज्वारी आणि एन्झाइम यांतून साखर मिळते; माल्टचा वास मिळत नाही. ग्लूटेन न चालणाऱ्यांसाठी परदेशात ज्वारीची बिअर निघते, तिच्याबद्दल ‘पातळ लागते’ ही तक्रार होते, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

चोथ्याचे काय करायचे, हा प्रश्न मैंदर्गीत पडू नये. साखर निघून गेली तरी प्रथिने आणि कोंडा त्यातच राहतो, आणि कोंब-मुळ्या आधीच पाखडलेल्या असल्या तर तो म्हशीला चालतो. भाताचे तूस घातले असेल, तर थोडा थोडा, कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्यावा. ओला आहे तोवरच संपवायचा. एप्रिलच्या उन्हात तो संध्याकाळपर्यंत आंबतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला बुरशीचा वास मारतो. पाखडलेल्या कोंब-मुळ्या मात्र गोठ्याकडे नेऊच नयेत. त्या उकिरड्यात पुरून टाकाव्यात.